तळ्यातल्या माशांचे परजीवी: स्लाइड, पाण्याचं माप आणि दुसरा डोस

मासा तळाला किंवा भिंतीला अंग घासतो, मधेच पाण्याबाहेर उसळी मारतो, पर अंगाशी मिटून कोपऱ्यात उभा राहतो, किंवा जिथून पाणी पडतं तिथेच जाऊन धापा टाकतो. हे दिसलं की बहुतेकांचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. पण अमोनिया वाढला, नायट्राइट वाढलं, क्लोरीन असलेलं पाणी थेट तळ्यात सोडलं किंवा पहाटे प्राणवायू खाली गेला, तरीही मासे अगदी असेच वागतात. कल्ले अमोनियाने भाजलेले असताना वरून फॉर्मेलिन (परजीवी मारायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) पडलं, तर परजीवी असोत वा नसोत, मासे मरायला लागतात. म्हणून आधी पाणी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्याजवळ हवेत, विरघळलेला प्राणवायू पहाटेसुद्धा लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा, आणि पीएच सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजलेला हवा. अमोनिया सापडला तर दोन दिवस खाद्य बंद करा, पाव ते एक तृतीयांश पाणी बदला आणि मग पुन्हा मासे बघा. बऱ्याचदा घासणं तिथेच थांबतं.

पाणी ठीक आणि मासे तरीही अस्वस्थ, तर पुढची पायरी मायक्रोस्कोप. तो नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा मत्स्यतज्ज्ञाकडे किंवा पशुवैद्याकडे जा, कारण ‘परजीवींचं औषध’ अशी एकच वस्तू अस्तित्वात नाही. पांढऱ्या ठिपक्यांवर चालणारं औषध कल्ल्यांच्या कृमींवर चालेलच असं नाही, आणि कृमींचं औषध उवांना शिवतही नाही.

स्लाइड कशी करायची

मासा आजारी पण जिवंत हवा. मेल्यावर काही तासांतच बरेच परजीवी अंग सोडून जातात किंवा मरतात, त्यामुळे सकाळी तरंगताना मिळालेल्या माशावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. एकाच माशावर थांबू नका, तीन तरी बघा. हात ओले करा, मासा ओल्या फडक्यावर घ्या आणि डोळे त्याच फडक्याने झाका, म्हणजे तो शांत राहतो. कव्हर स्लिपची कड किंवा दुसऱ्या स्लाइडची बोथट कड ४५ अंशांत धरून डोक्याकडून शेपटीकडे हलकेच ओढा. उलट ओढलं तर खवले उचकटतात. छातीच्या पराच्या मागची जागा, पाठीच्या पराचं बूड आणि शेपटीचा देठ या तीन ठिकाणी सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. खवला किंवा रक्त यायला नको, फक्त बुळबुळीत थर हवा. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकून मासा पाण्यात गेला पाहिजे.

स्लाइडवर एक थेंब त्याच तळ्यातलं पाणी घाला. नळाचं घातलं तर त्यातल्या क्लोरीनने बारीक जीव तिथल्या तिथे मरतात. कव्हर स्लिप एका कडेने टेकवून हळू खाली सोडा आणि पाच-दहा मिनिटांच्या आत बघायला बसा. आधी ४० पटीवर संपूर्ण स्लाइड, मग १००, मग ४००. नवख्यांना काहीच दिसत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रकाश फार ठेवलेला असतो. हे जीव पारदर्शक असतात. मायक्रोस्कोपच्या खालची, प्रकाश कमी-जास्त करणारी झडप निम्म्याहून जास्त मिटली की कडा उठून दिसू लागतात. नजर हालचालीवर ठेवा, आकार नंतर जुळवता येतो.

बशीसारखा गोल, आत दातांच्या चक्राची कडी आणि सतत गरगर फिरणारा असेल तर ट्रायकोडिना. पानाच्या किंवा बदामाच्या आकाराचा, सपाट आणि संथ सरकणारा चिलोडोनेला. हा थंड पाण्यात जोर धरतो, त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी मासे मंदावले असतील तर याचा संशय आधी घ्यावा. ४०० पटीवरच दिसणारा, स्वल्पविरामासारखा, लुकलुकत भिरभिरणारा कण म्हणजे कॉस्टिया. तो १० ते १५ मायक्रोमीटरचाच असतो, म्हणून १०० पटीवर थांबलात तर हमखास निसटतो. मोठा, गडद, गोल गोळा आपल्याभोवती सावकाश वळतोय आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतंय, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणजे इकचा परजीवी. आळीसारखा ताणला-आखडला जाणारा आणि एका टोकाला आकडे असलेला जीव म्हणजे कृमी. त्याच्या डोक्याकडे चार काळे ठिपके असतील तर तो अंडी घालणारा डॅक्टिलोगायरस. ठिपके नाहीत, पण पोटात दुसरा आकडेवाला पिल्लू-कृमी दिसतोय, तर तो पिल्लं देणारा गायरोडॅक्टिलस. हा फरक नीट बघा. दुसरा डोस कधी द्यायचा हे त्यावरच ठरतं.

आणि एखादा परजीवी दिसला म्हणजे तळ्यात औषध ओतलंच पाहिजे असंही नाही. संपूर्ण स्लाइडवर दोन-तीन ट्रायकोडिना निरोगी माशावरही असतात. गर्दी कमी करून तळाचा गाळ काढला तर ते आपोआप आवरतात. इकचं मात्र एकही पोर दिसलं तर उपचार आजच सुरू करा.

तळ्यात पाणी किती

औषध चुकण्यामागे सगळ्यात मोठं कारण पाण्याचा अंदाज. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणून त्याला १००० ने गुणलं की लिटर मिळतात. पण खोली मधोमध मोजून चालत नाही. उताराच्या तळ्यात निदान दहा ठिकाणी काठी टेकवून सरासरी काढावी लागते. ६ मीटर बाय ४ मीटरच्या तळ्यात मधली खोली १.५ मीटर आणि सरासरी १ मीटर असेल, तर खरं पाणी २४,००० लिटर. मधल्या खोलीने हिशेब केला तर ३६,००० येतं, म्हणजे डोस दीडपट पडतो.

आकार वेडावाकडा असेल तर मिठाने मोजा. क्षारता मोजणाऱ्या मीटरवर आधीचा आकडा लिहून घ्या. मोजून मीठ विरघळवून सगळीकडे पसरा, पंप चालू ठेवा आणि २४ तासांनी पुन्हा वाचा. घातलेल्या मिठाचे ग्रॅम भागिले लिटरमागे वाढलेले ग्रॅम, हेच तळ्यातलं पाणी. १० किलो मीठ घालून क्षारता लिटरला ०.४ ग्रॅमने वाढली, तर पाणी २५,००० लिटर. फिल्टर आणि पाइपांतलं पाणीही यात आपोआप धरलं जातं. वेड्यावाकड्या तळ्यासाठी ही पद्धत भरवशाची आहे.

मीठ

कॉस्टिया, चिलोडोनेला आणि सुरुवातीच्या इकसाठी मीठ उपयोगी आहे, आणि मोजून घातलं तर सगळ्यांत कमी धोक्याचं आहे. १००० लिटरला ३ किलो म्हणजे ०.३ टक्के. ही मात्रा एकदम न घालता तीन भागांत, बारा-बारा तासांनी घाला. खडे मीठ बादलीत विरघळवून पाणी पडतं तिथे ओता. नुसते खडे तळाला साचले आणि मासा त्यावर जाऊन बसला तर कातडी भाजते. गाठी न होण्यासाठी रसायन मिसळलेलं टेबल मीठ घेऊ नका. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर आधी काढा, कारण मिठाच्या पाण्यात तो धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतो. बऱ्याच पाणवनस्पती या क्षारतेला टिकत नाहीत, त्या आधी बाहेर काढून ठेवा. एक गोष्ट नेहमी विसरली जाते: पाणी आटतं तेव्हा मीठ मागेच राहतं. आटलेलं भरून काढताना साधं पाणी घालायचं, मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं.

एक-दोन मासेच वाईट अवस्थेत असतील तर वेगळ्या टबात लिटरला २० ते २५ ग्रॅम मीठ घालून पाच ते दहा मिनिटांची बुडी देता येते. टबात तळ्याचंच पाणी आणि हवेचा दगड हवा. घड्याळापेक्षा माशाकडे बघा. तो कलंडला की त्या क्षणी बाहेर काढा. आधीच अर्धमेल्या झालेल्या माशाला ही बुडी देऊ नका.

ट्रायकोडिनाच्या बऱ्याच जाती ०.३ टक्के मिठाला दाद देत नाहीत. तिथे मिठाची मात्रा वाढवत बसण्यापेक्षा औषध बदलावं.

पोटॅशियम परमँगनेट

ट्रायकोडिना, चिलोडोनेला, कॉस्टिया आणि अंगावरचे काही कृमी यांच्यावर हे चांगलं चालतं. मात्रा १००० लिटरला २ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजलेले. वरच्या २४,००० लिटरच्या तळ्याला ४८ ग्रॅम. ‘पाणी गुलाबी होईपर्यंत’ हे माप नव्हे.

हे औषध परजीवी आणि घाण यांच्यात भेद करत नाही. पाण्यात शेवाळ, गाळ, उरलेलं खाद्य जितकं जास्त तितकं ते आधी त्यातच खर्च होतं. म्हणून तळ्यात घालण्याआधी बादलीत चाचणी घ्या. १ लिटर स्वच्छ पाण्यात १ ग्रॅम विरघळवा, म्हणजे दर मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅम झालं. तळ्याच्या १० लिटर पाण्यात यातले २० मिली टाका आणि रंग किती वेळ टिकतो ते बघा. चार तास गुलाबी राहिलं तर उत्तम. तासाभराच्या आत चहासारखं तपकिरी झालं, तर मात्रा वाढवण्याऐवजी तळ साफ करा, पाणी बदला आणि चाचणी पुन्हा घ्या. डोस चढवत नेला आणि मधेच घाण संपली, तर उरलेलं सगळं औषध कल्ल्यांवर काम करतं.

घालायची वेळ सकाळची, म्हणजे दिवसभर बघता येतं. एअरेटर पूर्ण जोरात ठेवा. फिल्टर तळ्यापासून तोडा, नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, पण त्याचं पाणी फिरतं आणि हवा चालू राहिली पाहिजे. बंद पडलेला फिल्टर काही तासांत सडतो आणि परत जोडल्यावर तेच विष तळ्यात येतं. पीएच ८.५ च्या वर असेल तर हे औषध टाळा. अशा पाण्यात मँगनीजचा तपकिरी साका कल्ल्यांवर बसण्याचा धोका वाढतो. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १००० लिटरला ५० ते १०० मिली या मापाने घाला. काही मिनिटांत गुलाबी रंग उतरतो. ही बाटली औषध घालण्याआधीच काठावर आणून ठेवा, नंतर शोधायला वेळ नसतो. दोन डोसांत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.

कोरडं परमँगनेट आणि फॉर्मेलिन कधीही एकत्र येऊ देऊ नका, साठवणीतसुद्धा. दोन्ही भिडले तर प्रक्रिया भडकते आणि विषारी वाफ निघते.

फॉर्मेलिन

इक आणि ट्रायकोडिनावर भरवशाचं, पण हाताळायला कठीण. तळ्यासाठी १००० लिटरला १५ ते २५ मिली, २७ अंशांच्या वर पाणी असेल तर १५ च्या आसपासच. यात खरा शत्रू प्राणवायूची कमतरता. पाण्यातलं दर ५ मिली फॉर्मेलिन १००० लिटरमागे प्राणवायू सुमारे १ मिलिग्रॅम प्रति लिटरने खाली आणतं. २८ अंशांच्या पाण्यात पूर्ण भरूनही प्राणवायू लिटरला आठ मिलिग्रॅमहून कमीच मावतो. त्यातून पाच गेले, तर उरलं काय? वर हिरवं पाणी असेल तर फॉर्मेलिनने शेवाळही मरतं आणि दुसऱ्या दिवशीची तूट आणखी वाढते. म्हणून दाट हिरव्या तळ्यात, ढगाळ दिवशी किंवा एअरेटरशिवाय फॉर्मेलिन नको. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती बाटली वापरू नका, तो माशांना फार विषारी असतो. थंडीत ठेवलेल्या बाटलीत तो बनतो. हातमोजे, चष्मा आणि वारा येतो त्या बाजूला पाठ, हे सांगायला नको इतकं आवश्यक आहे. फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक आहे.

मॅलाकाइट ग्रीन जुन्या पद्धतींत फॉर्मेलिनसोबत मिसळत. खाण्याच्या माशांसाठी त्यावर अनेक देशांत बंदी आहे, कारण त्याचा अंश मांसात दीर्घकाळ राहतो. खाण्याच्या तळ्यात ते येताच कामा नये. बाकीच्या औषधांनाही लेबलवर लिहिलेला थांबण्याचा काळ पाळूनच मासे काढावेत.

पांढरे ठिपके: घड्याळ पाण्याच्या हातात

इकमध्ये औषध अपुरं पडण्याचं कारण औषध नसतं, तारीख असते. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा परजीवी. तिथे पाण्यातलं औषध पोहोचत नाही. भरपेट झाला की तो सुटून तळाला जातो, कवच करतो आणि आत फुटून शेकडो पिल्लं होतात. कवचातही त्याला काही होत नाही. पिल्लं बाहेर पडून यजमान शोधत पोहत असतात, तेवढ्या एक-दोन दिवसांतच औषध त्यांना मारतं.

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र चार ते सहा दिवसांत पुरं होतं. म्हणून उबदार पाण्यात दर दोन-तीन दिवसांनी डोस, किमान तीन-चार वेळा, आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही एक डोस. १० अंशांच्या पाण्यात तेच चक्र महिन्याहून जास्त लांबतं, म्हणून डोसांतलं अंतर आणि एकूण काळ दोन्ही वाढवावे लागतात. पहिल्या डोसानंतर ठिपके वाढलेले दिसले तर घाबरून मात्रा दुप्पट करू नका. आधीच कातडीखाली शिरलेले परजीवी आता मोठे होऊन दिसताहेत, इतकंच. उलट ठिपके अचानक गायब झाले म्हणून थांबणंही चूक, कारण ते सगळे तेव्हा तळाला कवचात असतात. याच काळात तळ रोज किंवा दिवसाआड उपसून घेतला तर कवचंही बाहेर जातात. औषधाच्या तोडीचं काम त्याने होतं.

कृमी

प्राझिक्वांटेल १००० लिटरला २ ते ३ ग्रॅम. हे पाण्यात नीट विरघळत नाही. भुकटी थेट टाकली तर गुठळ्या तरंगून फिल्टरमध्ये अडकतात. बाटलीत थोड्या कोमट पाण्यात घालून खूप हलवा, दुधासारखं झालं की पाणी पडतं तिथे ओता, उरलेली भुकटी पुन्हा हलवून पुन्हा ओता. फिल्टरमधला कोळसा काढा, अतिनील दिवा बंद करा, पाच-सहा दिवस पाणी बदलू नका. जैविक फिल्टर चालू ठेवला तरी चालतो.

गायरोडॅक्टिलस पिल्लंच देतो, म्हणून एक नीट झालेला डोस बहुधा पुरतो. डॅक्टिलोगायरसची अंडी मात्र या औषधाने मरत नाहीत. दुसरा डोस अंडी फुटल्यानंतर, पण नवे कृमी अंडी घालायला लागण्याआधी पडला पाहिजे. २५ अंशांला तो पाच-सहा दिवसांनी, २० अंशांच्या आसपास आठ-दहा दिवसांनी, आणि त्याहून थंड पाण्यात कितीतरी उशिरा. थंडीत दर आठवड्याने औषध ओतून काही मिळत नाही, अंडी अजून फुटलेलीच नसतात. शक्य असेल तर पाणी १८ अंशांच्या वर जाईपर्यंत थांबलेलं बरं.

उवा आणि नांगर कृमी

हे डोळ्यांनी दिसतात. माशाची ऊ म्हणजे अर्ग्युलस, चपटी, पाच ते दहा मिलिमीटरची, अंगावर सरकणारी. नांगर कृमी म्हणजे लर्निया, खवल्यातून बाहेर लोंबणारा दोऱ्याचा तुकडा, टोकाला बहुधा अंड्यांच्या दोन पिशव्या. दोन्ही कृमी नसून कवचधारी जीव आहेत, म्हणून मीठ किंवा प्राझिक्वांटेल त्यांच्यावर वाया जातं.

लर्निया काढताना चिमटा अगदी कातडीला टेकवून धरा आणि सावकाश ओढा. मधेच धरला तर दोरा तुटतो आणि नांगर आत राहून जखम चिघळते. जखमेवर पोव्हिडोन आयोडीन कापसाने टिपा, कल्ल्यांत जाऊ देऊ नका. पण हे केल्याने तळ्यातली पोहणारी पिल्लं कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी डायफ्लूबेन्झुरॉनसारखं, कात टाकणं अडवणारं औषध लागतं. ते वाढत्या पिल्लांनाच मारतं. रुतलेली मादी तशीच राहते आणि तिच्या आयुष्यानेच मरते, म्हणून काही आठवडे मात्रा टिकवावी लागते. तयार औषधांची तीव्रता फार वेगवेगळी असते, इथे लेबलवरचा हिशेबच पाळा. हे औषध कोळंबी, खेकडे आणि पाण्यातल्या इतर कवचधारी जीवांनाही संपवतं. वापरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, आणि कोळंबी असलेल्या तळ्यात हा मार्गच बंद.

उवेची मादी मासा सोडून टणक पृष्ठभागावर अंडी घालते, आणि तिच्याविरुद्ध हीच सवय वापरता येते. गडद रंगाच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाट्या पाण्यात उभ्या टांगा, दर आठवड्याला बाहेर काढून अंड्यांच्या रांगा खरवडा आणि पाट्या कडक उन्हात वाळवा. उबदार पाण्यात अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात, थंडीत त्यांना दोन महिनेही लागतात, तेव्हा आठवड्याचं वेळापत्रक पुरेसं आहे. बांबू, फांद्या, पडका झाडोरा तळ्यात राहिला तर मात्र पाट्यांना अर्थ उरत नाही. जळू असतील तर मासे काढून तळं सुकवणं हाच खरा उपाय. सुकलेल्या तळाला १०० चौरस मीटरला १० ते २० किलो चुना पसरल्यावर उवांची अंडीही मरतात. पाणी भरल्यावर पीएच ८.५ च्या खाली येईपर्यंत मासे सोडू नका.

डोस पडल्यानंतर

कुठलंही औषध पहिल्यांदा वापरताना दोन-तीन मासे टबात तळ्याच्याच पाण्यात, त्याच मात्रेत २४ तास ठेवून बघा. खवले नसलेल्या जाती आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) जास्त नाजूक असतात. उपचाराच्या दिवशी आणि आदल्या दिवशी खाद्य नको. शेवटच्या डोसानंतर पाच-सात दिवसांनी पुन्हा तीन माशांची स्लाइड करा. मासे घासायचे थांबले, पण स्लाइडवर कृमी आहेत, तर उपचार संपलेला नाही. स्लाइड स्वच्छ आहे, तरी मासे घासताहेत, तर पुन्हा पाण्याकडे या. औषधाने फिल्टर मेलेला असतो आणि अमोनिया चढत असतो, हे फार वेळा होतं. उपचारानंतरचे दहा दिवस अमोनिया रोज मोजा आणि खाद्य निम्म्यावर ठेवा.

नवे मासे वेगळ्या टाकीत चार आठवडे, तेही २२ ते २५ अंशांच्या पाण्यात. थंड पाण्यात चार आठवडे ठेवलं तर इकचं एक चक्रही पूर्ण होत नाही आणि मासा निरोगी दिसत राहतो. त्या टाकीचं जाळं, बादली आणि नळी वेगळी ठेवा. ते जमत नसेल तर प्रत्येक वापरानंतर जाळं पूर्ण दिवस उन्हात, गाठीतलं ओलं सुकेपर्यंत वाळवा.